बदामाची राणी

कला महाविद्यालयातल्या त्या खोलीला सगळे कोर्ट म्हणायचे. दारावरच्या पाटीवर दुसरंच काहीतरी भारदस्त लिहिलेलं होतं, पण पाटीवर विश्वास ठेवायला तिथे बसलं होतं कोण? पाट्या कशा बनतात हेच तर ती पोरं शिकत होती. लांबट खोली, एका अंगाला उंच खिडक्या, समोर टाचण्यांनी चाळण झालेली सॉफ्टबोर्डची भिंत. त्या भिंतीवर आपलं काम लावायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, यालाच तिथे शिक्षण म्हणत.

आता त्या खोलीत टाचणी स्वतः शिकवते. हे तिचं तेव्हाचं नाव. काडीसारखी होती आणि काम लावताना दहा टाचण्या ओठात धरून बोलायची, म्हणून पडलेलं. आता ती काडीसारखी मुळीच नाही, पण जुनी मंडळी भेटली की अजूनही भर रस्त्यात ‘ए टाचणी’ अशी हाक मारतात आणि तिच्याबरोबरचे विद्यार्थी तोंड फिरवून हसतात. तिच्या टेबलाच्या खणात पत्त्यांचा एक कॅट आहे. कोपरे झिजून कापडासारखे मऊ झालेत, किलवरच्या नव्वीवर चहाचा डाग आहे. एखाद्या पोराचं काम भिंतीवर फारच देखणं दिसायला लागलं की ती तो कॅट काढते, त्याच्या हातात देते आणि म्हणते, ‘पीस.’ पोर गोंधळतं. गोंधळू दे. तीही अशीच गोंधळली होती.

कोर्टाचा कायदा होता लांबूनसरांचा. सर उंच होते म्हणून ते नाव नव्हतं; चांगले बुटके होते. पण काम काहीही असो, सर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, ‘लांबून बघा.’ त्यांचा कायदा असा, की ज्याचं काम त्याने भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पहिल्या वर्षी एकाने कारण विचारायची हिंमत केली होती.

‘तुझं काम तू रात्रंदिवस बघितलंयस,’ सर म्हणाले होते. ‘आता बघणाऱ्यांची तोंडं बघ. आणि बोलायचं नाही, कारण लोकांच्या घरी तुझं काम जाईल तेव्हा समजावून सांगायला तू बरोबर जाणार आहेस का?’

तेव्हापासून सगळे मुकाट्याने पाठ करून उभे राहत. हा कायदा किती क्रूर होता ते उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. समोरची दहा-बारा तोंडं आपल्या खांद्यावरून मागे बघताहेत, कुणाच्या भुवया वर जाताहेत, कुणी जांभई दाबतंय, आणि आपण मूग गिळून गप्प.

शेवटच्या वर्षाच्या कामासाठी ज्याने त्याने आपल्या आवडीचा विषय घ्यायचा होता. एकाने रुग्णालयातल्या पाट्या घेतल्या. कात्रीने साबणाच्या वड्यांची वेष्टनं घेतली. कात्री म्हणजे वर्गातली सगळ्यात धारदार जिभेची मुलगी. कागद कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि माणसं कापण्यातही. टाचणीने घेतला पत्त्यांचा कॅट. ‘हा काय विषय झाला?’ असं दोघा-तिघांनी विचारलं. तिने खांदे उडवले. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही.

खरं कारण घरी होतं, कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात.

टाचणीच्या घरी रविवारी दुपारी पत्ते पडायचे. आठवतं तेव्हापासून पडत आले होते. बाबा, आई, आत्या आणि काका, असे चौघं. आत्या बाबांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहायची. काका धाकटा भाऊ, तो सायकलवरून यायचा आणि आल्या आल्या म्हणायचा, ‘वहिनी, आज तुमची खैर नाही.’ बाबा आणि आई एकमेकांचे भिडू, खिडकीपाशी समोरासमोर. आई गालिच्यावर मांडी ठोकून बसली की एका कानामागे हिशोबाची पेन्सिल खोचायची. हसू आलं की पत्त्यांचा पंखा तोंडासमोर धरायची, पण डोळे वरून दिसायचेच, त्यामुळे लपायचं काही नाही. मोठा पत्ता टाकायच्या आधी एक बोट जमिनीवर वाजवायची, टक, टक. आणि चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर.

या चष्म्याची तर घरात चेष्टाच होती, कारण बाबांचा धंदाच चष्म्यांचा. भिंगं घासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. अख्ख्या वस्तीचे चष्मे त्यांनी नीट बसवले आणि घरच्या बाईचा चष्मा घसरलेला. ‘आण इकडे, दोन मिनिटांत घट्ट करून देतो,’ ते म्हणायचे.

‘नको हो,’ आई म्हणायची. ‘घट्ट केलात तर ताईंचे पत्ते वरून कसे दिसायचे मला?’

‘बघ, बघ! कबूल करतेय निर्लज्जपणे!’ आत्या ओरडायची आणि आपले पत्ते छातीशी धरायची.

आईच्या हातात राणी आली की ती साध्या रीतीने टाकायचीच नाही. बोट वाजवायची, पत्ता उंचावरून आपटायची आणि म्हणायची, ‘आले मी!’ जणू दारातून स्वतःच आत येतेय. काका कपाळावर हात मारायचा.

टाचणी तेव्हा कडेला बसून गृहपाठ करायची. करायची म्हणजे वही उघडी असायची एवढंच.

मग आई आजारी पडली आणि त्याच वर्षी गेली. त्यानंतरही आत्या आणि काका रविवारी यायचे, सवयच ती. चहा व्हायचा. वर्तमानपत्राची पानं वाटून घेतली जायची. काका एकदा धीर करून म्हणाला, ‘दादा, काढायचे का पत्ते?’

बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘जुने झालेत. चिकटतात.’

पत्ते चिकटत नव्हते. टाचणीने डबा उघडून पाहिले होते. थोडे मळले होते इतकंच. पण बाबांनी सबब सांगितली होती आणि सबबीवर औषध असतं. दुःखावर काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं. पत्ते जुने झालेत ना? मग ती नवे करील. असे करील, की बाबांना नाही म्हणताच येणार नाही. शेवटच्या वर्षाचं काम वगैरे सगळं जगाला दाखवायला. तिला बाबा पुन्हा गालिच्यावर बसलेले हवे होते.

म्हणून ती जीव तोडून कामाला लागली. मोठ्या मोठ्या कागदांवर तिने चारही राण्या रंगवल्या, चारही म्हणजे आई. आईच्या हनुवटीवरचा तीळ, कपाळाशी आलेली एक बट, हसताना डोळ्याच्या कडेला पडायच्या त्या रेघा. कोपऱ्यात आकडे आणि खुणा असतात ना, त्या तिला फार गावंढळ वाटल्या, काढूनच टाकल्या. चित्र मोकळं दिसायला हवं. काम भिंतीवर लागलं. टाचणी पाठ करून उभी होती, पण समोरची तोंडं बघून तिला कळलं. कुणी जांभई दाबत नव्हतं. कात्रीसुद्धा गप्प होती, आणि कात्री गप्प म्हणजे काय समजायचं ते समजा.

लांबूनसर दुसऱ्या टोकाला गेले. डोळे बारीक केले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. चालत थेट भिंतीपाशी आले, तिने सोबत लावलेले राजा-राणीपासून दश्शीपर्यंतचे लहान आकाराचे नमुने एकेक करून टाचण्यांसकट काढले, टाचण्या खिशात टाकल्या आणि पत्ते तिच्या हातात कोंबले.

‘धर,’ ते म्हणाले. ‘खेळायला बसल्यासारखे धर. पंखा कर.’

तिने पंखा केला.

‘आता सांग, हातात काय काय आहे?’

टाचणीने पाहिलं. पंख्यात प्रत्येक पत्त्याची फक्त एक कड दिसत होती. आईच्या पदराची कड, पाठीमागच्या खिडकीची कड, रंगाचा एक पट्टा. राजा कुठला, राणी कुठली, दश्शी कुठली, काही म्हणजे काही कळत नव्हतं. ज्या घरात लहानपण पत्त्यांच्या आवाजात गेलं त्या घरची मुलगी, आणि इतक्या दिवसांत एकदाही आपला पत्ता हातात धरून बघायचं तिला सुचलं नव्हतं. ती तो भिंतीवर लावून बघत होती. कोर्टात शिकलेल्या माणसाचीच ही चूक. रस्त्यावरच्या कुणीही केली नसती.

‘भिंतीवर टांगायची ती तसबीर,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. ‘पत्ता हातात धरायचा असतो आणि वेळ आली की टाकायचा असतो. टाकता येत नाही तो पत्ता नव्हे.’

त्या संध्याकाळी टाचणी फार रडली. मग डोळे पुसून कोपऱ्यातल्या आकड्यांना आणि खुणांना तिने मानाने परत बोलावलं.

दुसऱ्या वेळी ती जरा ताठ मानेने उभी राहिली. कोपरे आता चोख होते. एक्का एक्का दिसत होता, गुलाम गुलाम. राण्यांच्या कोपऱ्यात मात्र खुणेच्या जागी तिने आईचा चेहरा बारीक करून बसवला होता, तिळासकट. सरांनी यावेळी भिंतीवर काही लावूच दिलं नाही. पोरांना जमिनीवर बसवलं, पत्ते वाटले आणि डाव सुरू केला. टाचणी कडेला उभी. पाठ करायला भिंतीवर कामच नव्हतं, पण तोंड बंद ठेवायचा कायदा कायम होता.

डाव चालला, आणि दर थोड्या वेळाने अडायला लागला. ‘ही इस्पिकची ना?’ ‘नाही रे, किलवरची.’ ‘थांब, थांब, मी चुकून दुसरीच टाकली.’

शेवटी कात्रीने पत्ते खाली ठेवले. ‘सर, राण्यांचा घोळ आहे. चारही बायका सारख्याच. एक बाई चार वेळा फोटो काढून घ्यायला बसली असेल, तशा. आणि दुसरं म्हणजे, चेहरा इतका जपून काढलाय की पत्ता आपटायला हात धजत नाही. वाटतं, बाईला लागेल.’

काहीजण हसले. टाचणीच्या कानशिलात झणझणलं.

‘बाई काय म्हणतेस तिला!’ ती म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. कोर्टात स्वतःच्या कामावर आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. तिने पुढे बोलायला ओठ हलवले आणि गच्च मिटले. कात्रीचं हसू उतरलं. चूक काय झाली ते तिला कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं.

सगळे गेल्यावर टाचणी जिन्याच्या पायरीवर बसून होती. सर वरून खाली येत होते. तिच्या शेजारून दोन पायऱ्या पुढे गेले आणि थांबले.

‘कोण आहे ती, मला सांगू नकोस,’ ते म्हणाले. ‘मला सांगून पत्ता सुधारणार नाही. एक विचारतो. पत्ते खेळायची का ती?’

टाचणीने मान हलवली. सरांनी ‘खेळते का’ असं विचारलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मग ती दिसायची कशी ते तू काढलंयस. करायची काय, ते काढ.’ आणि खाली उतरता उतरता मागे न बघता म्हणाले, ‘कात्रीचं म्हणणं बरोबर आहे. तिची भाषा सोड, म्हणणं धर.’

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी कामाच्या खोलीत खिडकीपाशी बसली. समोर आईचे फोटो ठेवले होते ते तिने पालथे घातले. डोळे मिटले आणि रविवार ऐकला. टक, टक. आत्याचं ओरडणं. काकाचं कपाळावर हात मारणं. मग तिने पेन्सिल उचलली. आधी राण्यांचे चेहरे पुसले. तीळ गेला, बट गेली, डोळ्याच्या कडेच्या रेघा गेल्या. एकेक पुसताना जीव तुटत होता, आई दुसऱ्यांदा जातेय असं वाटत होतं, खोटं कशाला सांगा. पण चार राण्या चार प्रकारे बसायला लागल्या. इस्पिकच्या राणीच्या कानामागे पेन्सिल आली. किलवरच्या राणीने पत्त्यांचा पंखा तोंडासमोर धरला, वर नुसते दोन डोळे. चौकटच्या राणीचं एक बोट जमिनीवर. आणि बदामच्या राणीच्या नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कोपऱ्यात तर तेवढंच ठेवलं: पेन्सिल, पंखा, बोट, चष्मा. थोड्याशा रेघा. लांबून बघा, जवळून बघा, चुकायला जागा नाही.

‘सरक,’ असा आवाज आला. कात्री दोन कप चहा घेऊन उभी होती. तिने माफी वगैरे मागितली नाही. तिच्या तोंडात तो शब्दच नव्हता. चित्रांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ही चष्मेवाली माझे पत्ते बघतेय.’

‘बघायचीच ती,’ टाचणी म्हणाली आणि हसली. मग तिने कात्रीला सगळं सांगितलं, डब्यापासून चिकटण्यापर्यंत. कात्रीने ऐकून घेतलं, चहा संपवला आणि पर्समधून नखं कापायचं यंत्र काढलं.

‘पत्त्यांचे कोपरे गोल लागतील ना? कात्रीने नीट होत नाहीत. याने होतात.’

छापून आलेले कागद दोघींनी एकमेकांना चिकटवले, जाड पुस्तकांखाली दाबले, कापले आणि प्रत्येक पत्त्याचे चारही कोपरे नखं कापावीत तसे कापले. अर्धी दुपार खोलीत नुसता कट कट आवाज. पत्ते किंचित वाकले होते खरे, पण पिसले की चक्क सळसळत होते.

रविवारी काका सायकल लावून आत आला, आत्या आधीच येऊन बसली होती. चहा झाला. बाबांनी वर्तमानपत्राकडे हात नेला तेवढ्यात टाचणीने कॅट गालिच्यावर ठेवला.

‘नवे आहेत,’ ती म्हणाली. ‘चिकटत नाहीत.’

बाबांनी कॅटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काका उगाच खिडकीबाहेर बघायला लागला.

‘चौथा भिडू कुठाय?’ बाबा म्हणाले. ही दुसरी सबब होती.

‘मी आहे ना, बाबा. तुम्ही मला कधी विचारलंतच नाही.’

‘बस रे,’ आत्या म्हणाली. ‘पोरीची परीक्षा आहे म्हणे. आपण नापास करायचं का तिला?’

बाबा उठले, गुडघ्यावर हात ठेवून हळूच गालिच्यावर बसले. टाचणी खिडकीपाशी, त्यांच्या समोर बसली. आईची जागा होती ती. सगळ्यांना माहीत होतं, कुणी उच्चार केला नाही. पत्ते वाटले गेले. बाबांनी आपला पंखा केला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांच्या पत्त्यांची तिला फक्त पाठ दिसत होती, पण नजर कुठे थांबलीय ते दिसत होतं. ती बराच वेळ तिथून हलली नाही. मग ते खेळायला लागले.

डाव रंगला, म्हणजे आत्या ओरडायला लागली. काकाने बदामाचा गुलाम टाकला. एक्का आणि राजा आधीच जाऊन चुकले होते. बाबांनी सत्ती टाकली आणि काकाने हात उचलला. पुढेही तसंच. शेवटी प्रत्येकाकडे एकच पत्ता उरला. काकाने टाकला, टाचणीने टाकला, आत्याने टाकला. बाबा टाकेनात. पत्ता छातीशी धरून बसले.

‘अरे, दाखव तरी,’ म्हणत आत्याने त्यांचा हात खाली ओढला. बदामाची राणी होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ‘अरे देवा! राणी होती हातात? आणि सत्ती टाकलीस मघाशी? गुलाम खाल्ला असता ना! डाव घालवलास की!’

‘टाकवेना गं, ताई,’ बाबा म्हणाले.

आत्याचं ओरडणं तिथेच विरलं. बाबा उठले आणि चष्मे पुसायचं फडकं शोधत आतल्या खोलीत गेले.

टाचणी सोमवारी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. ‘कॅट नापास झाला, सर.’ आणि तिने सांगितलं, एक पत्ता टाकता आला नाही म्हणून. ‘तुम्ही म्हणाला होतात. टाकता येत नाही तो पत्ता नव्हे. मी चष्मा काढून टाकू का?’

सरांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि टाचणीला पुढे कधी विचारायचा धीर झाला नाही.

‘एकदा अडला तर तो दोष नसतो,’ ते म्हणाले. ‘माणसाला नव्या पत्त्याची ओळख व्हायला वेळ लागतो. परत खेळव. दर वेळी अडायला लागला तर काढ.’

‘आणि काम द्यायचं ते?’

‘ते पुढच्या सोमवारी दे. मी आहे इथेच.’

असा तो दुसरा रविवार. टाचणीच्या पिशवीत चष्मा नसलेली एक राणी तयार होती, कोपरे गोल केलेली. रात्री नीट झोप लागली नव्हती. यावेळी पत्ते कुणी काढले? बाबांनी. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘कुठे आहेत ते?’ एवढंच. काका इतका खूश झाला की कप नेऊन ठेवायला उठला, जे त्याने जन्मात केलं नव्हतं.

पहिला डाव हरले. दुसऱ्या डावात वाटणी झाल्यावर बाबांची नजर पुन्हा पंख्यात एका जागी अडकली आणि टाचणीने ओळखलं. तिचं खेळात लक्ष राहिलं नाही. दोनदा चुकीचा पत्ता टाकून तिने आत्याची बोलणी खाल्ली. हात होत गेले, बरोबरी झाली. शेवटचा हात उरला आणि उतारी बाबांची होती. त्यांच्या हातात एकच पत्ता. कुठला ते चौघांनाही माहीत होतं. काका आपल्या शेवटच्या पत्त्याशी चाळा करत होता, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं. आत्या म्हणाली, ‘राहू दे हवं तर. आपण नवा डाव वाटू.’

बाबांनी पत्ता तोंडासमोर धरला. बघत राहिले. मग त्यांचं एक बोट गालिच्याच्या कडेवरून फरशीवर गेलं आणि वाजलं. टक, टक.

आत्याने पदर तोंडाला लावला.

बाबांनी हात उंच नेला आणि बदामाची राणी गालिच्याच्या मधोमध आपटली.

‘आली!’ ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

काकाने आपला पत्ता पुढे केला. बदामाचा गुलाम होता, शेवटपर्यंत मोठ्या आशेने जपून ठेवलेला. त्याने सवयीने कपाळावर हात मारला. ‘गेली तरी सोडत नाही वहिनी मला,’ तो म्हणाला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आत्या तर उघडच रडत होती आणि रडता रडता बापलेकीला बजावत होती, की एक हात जिंकला म्हणून एवढं फुशारायचं कारण नाही. बाबांनी चारही पत्ते गोळा केले, राणी वर ठेवली, आणि कॅट पिसायला घेतला.

टाचणी काही बोलली नाही. ती आईच्या जागेवर बसून एकेकाचं तोंड बघत होती.